श्रावण यंदा का मोडला?

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ६७. यजमान ७२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, रोज संध्याकाळी साडेसातला बातम्या लावून दारूचा ग्लास भरणारे. ताई लिहितात : "ह्यांनी कधी आरडाओरडा केला नाही की पैसे उडवले नाहीत. दरवर्षी श्रावण कडक पाळायचे. यंदा दुसऱ्याच दिवशी हात थरथरायला लागले, रात्री घाम, झोप नाही. चौथ्या दिवशी पुन्हा बाटली काढली. गेल्या आठवड्यात रात्री बाथरूममध्ये पडले, डोक्याला मागे टेंगूळ आलं. मुलाला सांगितलेलं नाही. तो म्हणतो, आई, राहिलेत किती दिवस, पिऊ दे की त्यांना. साखर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, झोपेची गोळी, सगळं चालू आहे. मी गुपचूप बाटलीत पाणी घालते. अडवू की पिऊ देऊ?"

ताई,

अडवायचं की नाही ते नंतर बघू. आधी ते टेंगूळ. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला ७२ वर्षांचा माणूस डोक्यावर पडला, तर सूज उतरली म्हणून विषय संपत नाही. या वयात कवटीच्या आत रक्त हळूहळू साठू शकतं आणि त्रास दोन-तीन आठवड्यांनीही सुरू होतो : डोकं दुखणं, पेंगणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. घरचे म्हणतात, "जरा जास्त झाली असेल." आजच्या आज दाखवून घ्या. सीटी स्कॅन सांगितला तर "कशाला उगाच" म्हणू नका.

आता श्रावण. व्यसन नसल्याचा पुरावा म्हणून तुम्ही दोघांनीही तो इतकी वर्षं जपलात. पण यंदाच्या त्या चार दिवसांकडे मी तुमच्यासारखी बघत नाही. निर्धार कमी पडला म्हणून हात थरथरत नाहीत. शरीराला रोजच्या दारूची सवय जडली, ती अचानक थांबली, की कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पुढची पायरी फिट येण्याची. दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम आणि जिवावर बेतणारी अवस्था. म्हणून एक गोष्ट अजिबात करू नका : रागाच्या भरात बाटली मोरीत ओतू नका आणि देवाची शपथ घालून "आजपासून बंद" करवून घेऊ नका. बंद व्हायला हवी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन. त्यांनी भरती करायला सांगितलं तर करा.

ते म्हणतात, "दोनच छोटे घेतो." पत्रात पुढे तुम्हीच लिहिलंय की मोठी बाटली पाच दिवसांत संपते. ७५० मिलीला पाचाने भागलं की रोजची १५० मिली. व्हिस्कीत साधारण ४३ टक्के अल्कोहोल धरलं तर ते ५० ग्रॅमच्या आसपास जातं. दोन छोटे म्हणजे ६० मिली, त्यात जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे ते सांगतात त्याच्या अडीच पट. अर्थात त्या बाटलीत तुम्ही पाणी किती घातलं, ते तुम्हालाच ठाऊक! ते पाणी बंद करा, ताई. मिळमिळीत लागली की माणूस ग्लास मोठा भरतो, आणि आपण डॉक्टरांना सांगणार तो आकडा खोटा ठरतो.

दारू तीच, ब्रँड तोच, मग आताच का बाधते? तरुण पुरुषाच्या शरीरात ६० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, सत्तरीत ते ५० च्या जवळ येतं. स्नायूही झडलेले असतात. तेवढीच साखर कमी पाण्यात घातली की सरबत गोडमिट्ट होतं, तसं तेवढ्याच पेगने रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं. त्यात गोळ्या. बीपीच्या गोळीवर दारू घेऊन रात्री झटकन उठलं की प्रेशर पडून डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही मेंदूला सुस्तावतात, श्वासही मंदावू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

साखरेच्या गोळीचं नीट ऐका. तिच्यात ग्लिमेपिराइड असेल, आणि शेंगदाणे खाऊन ते जेवण टाळत असतील, तर रात्री साखर धोकादायक खाली येऊ शकते. दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. तेव्हा दिसतं काय? घाम, बरळणं, झोकांड्या. हुबेहूब नशा! अशा वेळी चादर ओढून झोपवू नका. ग्लुकोमीटर लावा, शुद्धीवर असतील तर साखरेचं पाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

"रोज एक पेग हृदयाला चांगला" हा मेसेज तुमच्या मुलाने पाठवलाय म्हणे. जुन्या अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले. त्यांच्या शेजारी थोडी पिणारे धडधाकट दिसणारच. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या साठीपुढच्या १,३५,१०३ पिणाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात तुलना क्वचित घेणाऱ्यांशी होती. रोज थोडी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले नाहीत, कर्करोगाचे मात्र जास्त दिसले. आणि हो, यजमान आजीव परवाना दाखवून "सरकारनेच लिहून दिलंय" म्हणतात, ते अगदीच खोटं नाही. महाराष्ट्रात दारूचा परवाना खरोखर 'आरोग्य जपण्यासाठी' म्हणून मिळतो. कायदा १९४९ चा आहे, सोडून द्या.

"राहिलेत किती दिवस" हे मला सगळ्यात खटकलं. ७२ व्या वर्षी दहा-पंधरा वर्षं सहज असू शकतात. ती खुब्याचं हाड मोडून पलंगावर काढायची का, आणि उशा-पायथ्याला कोण असणार? मुलगा पुण्यात. तुमचेच गुडघे दुखतायत.

पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. डॉक्टरांनी विचारलं, "दारू वगैरे?" हे म्हणाले, "ऑकेजनल." आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत गप्प बसलात. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी मुरलंय, मला कळतं. मग तोंडाने बोलू नका. एका कागदावर लिहा : रोज किती, कधीपासून, श्रावणात काय झालं, कधी पडले, सगळ्या गोळ्यांची नावं. तुम्ही आत जाण्याआधी तो कागद कंपाउंडरकडे द्या.

यजमानांशी मात्र बोलायचंच, पण संध्याकाळी ग्लास हातात असताना नाही. सकाळी चहाच्या वेळी. "तुम्ही दारुडे झालात" असं नको, "तुम्ही पडलात तेव्हा मला उचलता येईना" असं सांगा. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर लाज बाळगू नका. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

आणि मुलाला आजच फोन लावा. पडल्याचं सांगा, टेंगळाचं सांगा. सीटी स्कॅनला जायचं तर गाडी त्यालाच चालवायची आहे.