वाचकांचे प्रश्न : ड्रोसोफिलाची गुणसूत्रं झिजून संपत का नाहीत?

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माणसाच्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी हा डीएनए-अक्षरांचा क्रम पुन्हापुन्हा येतो आणि बहुतेक कीटकांत टीटीएजीजी, असं वाचलं. ड्रोसोफिला या फळमाशीत मात्र तो नाही म्हणतात. मग तिची टोकं टिकतात कशी?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. वर्षानुवर्षं मी मुलांना हीच माशी शिकवली. 1938 मध्ये जनुकशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी गुणसूत्राच्या टोकाला ‘टेलोमियर’ हे नाव दिलं तेही तिच्यावरूनच. क्ष-किरणांनी गुणसूत्रं तुटली की तुकडे भलतीकडे जुळत, मूळचं टोक मात्र कशालाच जुळत नसे. नेमक्या तिच्यातच नेहमीचा टेलोमियर नसावा, याचं मला आजही नवल वाटतं!

झीज तिलाही चुकलेली नाही. डीएनएची नक्कल होताना शेवटचा तुकडा राहून जातो. तुटक्या टोकाचं गुणसूत्र दर पिढीला साधारण 70-75 अक्षरांनी आखूड होतं. आपल्या जननपेशींत ही तूट टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) भरून काढतं. ड्रोसोफिलाच्या पूर्वजांनी ते विकर गमावलं. तिच्यात ते काम हेट-ए, टार्ट आणि ताहरे ही उड्या मारणारी जनुकं करतात. त्यांची आरएनए प्रत टोकाशी पोचते आणि तिच्यावरून तिथंच डीएनए लिहिला जातो. एका खेपेत हजारो अक्षरांची भर! टेलोमरेजही आरएनएवरूनच डीएनए लिहितं, हे विसरू नका. शिवाय माशीत टोकावर बसणारी संरक्षक प्रथिनं ठरावीक क्रमावर अडून बसत नाहीत.

रेशीमकिडा मला याहून बोलका वाटतो. त्याच्याकडे टीटीएजीजी आहे, पण त्यातच ट्रास आणि सार्ट ही उडती जनुकं घुसलेली, आणि टेलोमरेज अगदी क्षीण. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात एकच अक्षर बदलून टीसीएजीजी झालंय.

क्रम बदलला म्हणून गुणसूत्रांची संख्या बदलते, असं मात्र समजू नका. रेशीमकिड्यात 28 जोड्या. जपानमधल्या त्याच्या रानटी भावंडात 27, कारण तिथं दोन गुणसूत्रं जुळून एक झालीत.

ही टोकं स्वतः पाहायला, कॉलेजात ड्रोसोफिला असेल तर बाटलीच्या काचेवर चढलेली जाड अळी घ्या. सलाइनच्या थेंबात सुयांनी डोकं ओढलं की काचेसारख्या लाळग्रंथी बाहेर येतात. ॲसिटो-ऑर्सिन या रंगद्रव्यात रंगवून, कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ दाबा. स्लिप सरकली की गुणसूत्रांवरचे पट्टे फाटलेच. मग एक्स गुणसूत्राचं मोकळं टोक शोधा. कधीकधी ते दुसऱ्या टोकाला चिकटलेलं दिसतं. तशी स्लाइड मिळाली तर सरांना नक्की दाखवा.