‘विचार करून पाहतो’ हा होकार की नकार?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागाचे काही सुटे भाग आम्ही चीनमधील एका पुरवठादाराकडून मागवतो. माल महिनाअखेर मिळेल का, असे विचारले की ‘विचार करून पाहतो’ किंवा ‘जरा अडचणीचे आहे’ एवढेच उत्तर येते. स्पष्ट नकार येत नाही आणि मालही येत नाही. त्यांचा माणूस जुळणीसाठी आला होता, तेव्हा मात्र तो माझ्या वडिलांशी अगदी घरच्यासारखा वागला. ही माणसे फसवी आहेत, असे माझा धाकटा भाऊ म्हणतो. आपले मत काय? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या बंधूंचा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण आपल्याला मिळालेली ती दोन्ही उत्तरे बहुधा नकारच होती. ‘काओल्यू काओल्यू’, म्हणजे ‘विचार करून पाहू’, आणि ‘बु फांगब्येन’, म्हणजे ‘सोयीचे नाही’, ही तिकडची नकाराची नेहमीची सभ्य रूपे असून ऐकणारा ती ओळखेल असे बोलणारा गृहीत धरतो.

मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, प्रत्येक प्रश्नाला चालेल असा ‘हो’ किंवा ‘नाही’ हा एकच शब्द नाही. ‘लाय बु लाय?’, म्हणजे ‘येणार की नाही?’, असे विचारल्यावर ‘लाय’ किंवा ‘बु लाय’ असे क्रियापदच परत उच्चारतात. तरीही या आडवळणाचे मूळ व्याकरणात आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्याच भाषेत आई हट्टी मुलाला एका ‘बु शिंग’ने, म्हणजे ‘चालणार नाही’ने, गप्प करते. कोणाशी कसे बोलावे ही शिकवण घरातून येते. वडिलांच्या थोरल्या भावाला ‘बोबो’, धाकट्याला ‘शूशू’ आणि मामाला ‘ज्योज्यो’ म्हणणारे मूल माणसाचे स्थान आधी शिकते. आपल्या शहरातील कन्नड घरांत ‘दोड्डप्पा’ आणि ‘चिक्कप्पा’ असा भेद असतोच, त्यामुळे सोलापूरकरांना हे नवे वाटू नये. गुणी मुलाला तिकडे ‘थिंगह्वा’, म्हणजे सांगितलेले ऐकणारा, म्हणतात; ‘आमचा मुलगा ऐकतो’ असे आपण म्हणतो त्याच अर्थाने. घरचा कमीपणा बाहेर पसरवू नये, या अर्थाची त्यांची म्हण वाचताना मला आपली वेशीवर टांगलेली लक्तरे आठवतात. अशा घरात वाढलेला माणूस चारचौघांत कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही, कारण त्याने दोघांचीही ‘म्येन्झ’, म्हणजे प्रतिष्ठा, जाते. आपल्या वडिलांशी तो ज्या आदराने वागला आणि आपल्याला नकार देताना ज्यामुळे अडखळला, ते संस्कार एकच आहेत.

मात्र सर्व चिनी माणसांना एकाच मापाने मोजू नये. प्रदेशांच्या बोली एकमेकींना न कळण्याइतक्या भिन्न आहेत, आणि 2015 पर्यंत चाललेल्या एक-अपत्य धोरणामुळे शहरांतील अनेक तरुणांना सख्खे भावंडच नाही. त्यांच्यातले पुष्कळजण थेट बोलतात.

या बाबतीत आपल्या गावाचाच दाखला जवळचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. त्यांच्या ‘क दीह्वा’ या चिनी नावात आडनावाचे पहिले अक्षर, तिकडच्या रीतीप्रमाणे, सुरुवातीला आले आणि शेवटचे ‘ह्वा’ म्हणजे चीन. मुलाचे नाव ‘यिनह्वा’ ठेवले गेले : ‘यिन’ भारत, ‘ह्वा’ चीन. आधी नाते जोडावे आणि मग काम करावे, ही तिथली रीत त्यांनी नावातही स्वीकारली, असे मला मनापासून वाटते.

आपण एवढे करावे : ‘मिळेल का?’ असे न विचारता ‘कोणत्या तारखेला किती नग निघतील?’ असे विचारावे, आणि तेही अनेकांच्या गटात नव्हे, एकट्यालाच. ‘या महिन्यात शक्य नसेल तर पुढच्या महिन्यात निम्मे पाठवा’ अशी वाट आपणच खुली केलीत, तर मान राखून खरे सांगणे त्याला सोपे जाईल. त्यानंतरही तारीख न येता ‘विचार करतो’ एवढेच आले, तर तो नकार समजून त्याच दिवशी दुसरीकडे चौकशी करावी.