ताओवाद आणि प्राचीन चिनी तत्त्वज्ञान या विषयात संशोधन करून पुढे प्राध्यापक होता येतं का?

तुम्ही पुण्यात तत्त्वज्ञानात एमए करताय, 'लाओत्झू' या छोट्या ताओवादी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर वाचून त्या विषयाने झपाटलाय, आणि तीन गोष्टी विचारताय: चिनी शिकावीच लागेल का, नोकरी मिळेल का, आणि 'ताओ (शब्दशः वाट) आणि ब्रह्म' हा विषय पीएचडीला चालेल का. मी याच वाटेने गेले आहे. एमए पुण्यात, भाषा आधी दिल्लीत आणि मग तैवानमध्ये, पीएचडी युरोपात, आणि आता तिकडेच एका विद्यापीठात शिकवते. चिनी शिकावीच लागेल. नोकरी मिळू शकते, पण तिच्या भरवशावर कर्ज काढू नका. आणि ताओ-ब्रह्म नको.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण भारतातून येणाऱ्या अर्जांत हाच विषय सारखा दिसतो. ब्रह्म म्हणजे कोणाचं? शंकराचार्यांचं की रामानुजांचं? हा प्रश्न तुम्हाला लगेच सुचेल, कारण ते तुम्ही वर्गात शिकला आहात. ताओबद्दल तोच प्रश्न सुचत नाही, कारण ताओ तुम्हाला एका भाषांतरातून भेटलाय. लाओत्झूवर वांग बीची टीका, म्हणजे भाष्य, आहे. हा माणूस इ.स. २२६ ते २४९ एवढंच जगला आणि त्याने त्या छोट्या ग्रंथातून सगळ्या अस्तित्वामागचं 'नसणं' काढून दाखवलं. त्याच ग्रंथावर हशांग गोंगच्या नावाने चालणारी टीका वाचा, तर तिथे शरीर कसं जपावं, आयुष्य कसं वाढवावं आणि राज्य कसं चालवावं याची चर्चा आहे. मूळ ओळी बहुतांशी त्याच, ताओ मात्र दोन. 'ताओवादी' हा गटसुद्धा मागाहून पाडलेला आहे. स-मा तान या दरबारी इतिहासकाराने इ.स.पू. दुसऱ्या शतकात जुन्या विचारवंतांची सहा घराण्यांत वाटणी केली, तेव्हा ते नाव आलं. च्वांगत्झू या जुन्या विचारवंताला (त्याच्या नावाचा ग्रंथही आहे) कोणी ताओवादी म्हटलं असतं तर त्याला कळलंही नसतं आपल्याबद्दल बोलताहेत म्हणून.

मग या क्षेत्रात लोक दिवसभर करतात काय? टीका वाचतात आणि टीकाकारांशी भांडतात. ज्याने शास्त्रीबुवांसमोर बसून एखादा सटीक संस्कृत ग्रंथ वाचलाय, त्याला च्वांगत्झूची चिनी आवृत्ती उघडताच घरी आल्यासारखं वाटेल. मूळ ओळ मोठ्या अक्षरात, तिच्या पोटात ग्वो श्यांगची टीका, तिच्यावर सातव्या शतकातल्या छंग श्वानयिंगची उपटीका, शेजारी लू दमिंगच्या उच्चारांच्या टिपा. तैवानमध्ये आमच्या वाचनवर्गात एकेका तासाला जेमतेम चार ओळी होत. सर आधी विचारत, 'तू कोणाचं ऐकतेस?' आणि लगेच, 'का?'

एक उदाहरण देते. च्वांगत्झूच्या पहिल्या प्रकरणात एक अजस्र पक्षी नव्वद हजार ली उंच चढून दक्षिणेच्या समुद्राकडे निघतो. खाली झाडावरचा सिकाडा (रातकिड्यासारखा किरकिरणारा किडा) आणि एक छोटं पाखरू त्याला हसतात: आम्ही या फांदीवरून त्या फांदीवर उडतो, एवढं पुरे, हा उपद्व्याप कशाला? इंग्रजीत वाचताना तुम्ही बहुतेक मोठ्या पक्ष्याच्या बाजूने असता, आणि मूळ ग्रंथातही पुढेच म्हटलंय की छोट्या ज्ञानाला मोठ्या ज्ञानापर्यंत पोचता येत नाही. पण ग्वो श्यांग (मृत्यू इ.स. ३१२) म्हणतो, दोघेही सारखेच मुक्त. जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे वागला की झालं. च्वांगत्झूचा आज हातात असलेला तेहतीस प्रकरणांचा ग्रंथ याच ग्वो श्यांगने छाटून-जुळवून तयार केलाय, तेव्हा त्याचा शब्द सहजासहजी मोडता येत नाही. तो मोडला एका बौद्ध भिक्षूने. झ्र दून (इ.स. ३१४ ते ३६६) म्हणाला, स्वभावाप्रमाणे वागणं हीच मुक्ती असेल, तर राजा ज्ये आणि दरोडेखोर झ्र यांचा स्वभावच मुळी क्रूरपणाचा होता, मग तेही मुक्तच म्हणायचे! हा आक्षेप मी दरवर्षी वर्गात मांडते आणि दरवर्षी वर्ग दुभंगतो. एखाद्या प्रबंधाला एवढा वाद पुरतो.

दुसरी मजा जमिनीखालून आलेली. जुन्या चिनी लेखनात विरामचिन्हं नसत. वाक्य कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. लाओत्झूच्या पहिल्याच प्रकरणात एक जागा आहे. नेहमीच्या रीतीने तोडलं तर अर्थ होतो, 'सदैव इच्छारहित राहून त्याची सूक्ष्मता पाहावी.' अकराव्या शतकात वांग आनश्र या मुत्सद्द्याने एक अक्षर अलीकडे तोडलं आणि अर्थ झाला, 'नित्य नसण्याच्या ठिकाणी राहून त्याची सूक्ष्मता पाहू इच्छावं.' पहिल्यात आचरणाचा उपदेश आहे, दुसऱ्यात थेट सत्ताशास्त्र, म्हणजे अस्तित्वाचा विचार. शतकानुशतकं दोन्ही पक्ष चालले. मग १९७३ मध्ये हूनान प्रांतात छांगशाजवळ मावांगद्वी इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेलं एक थडगं उघडलं आणि त्यात रेशमावर लिहिलेल्या लाओत्झूच्या दोन प्रती निघाल्या. त्यांत नेमकं 'इच्छा'च्या पुढे एक छोटं अव्यय लिहिलेलं आहे, वाक्यखंड इथे संपला असं सांगणारं. वांग आनश्रचा पक्ष तिथे उताणा पडला. तरी काही विद्वान अजून तो सोडत नाहीत, ही वेगळी गंमत.

पुढे १९९३ मध्ये हूबेई प्रांतात ग्वोद्येन इथल्या थडग्यातून बांबूच्या पट्ट्या निघाल्या, साधारण इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या. त्यांत लाओत्झूच्या ओळींचे तीन जुडगे आहेत. एकाच्या पट्ट्या ३२.३ सेंटीमीटर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, दुसऱ्याच्या ३०.६, तिसऱ्याच्या २६.५, आणि या दोन्हींची टोकं सपाट. तिन्ही मिळून आजच्या ग्रंथाचा निम्मासुद्धा भाग होत नाही, क्रमही निराळा. मग त्या काळी 'लाओत्झू' नावाचा एक ग्रंथ होता, की ओळींचे असे सुटे संग्रहच फिरत होते? पट्टीचं टोक, दोऱ्याची जागा, हस्ताक्षर यांवर लोक पानंच्या पानं लिहितात. हे ऐकून तुम्हाला कंटाळा आला असेल तर आत्ताच ओळखा. पुढे याहून बारीक असतं.

एक काळी बाजूही आहे. २००८ मध्ये छिंगह्वा आणि २००९ मध्ये पेकिंग विद्यापीठाकडे आलेल्या पट्ट्या उत्खननातल्या नाहीत, थडगी लुटून बाजारात आलेल्या आहेत. त्यांवर शोधनिबंध लिहावा की नाही यावरून चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. माझं मत, अस्सलपणा तपासून वापराव्यात, पण त्या आल्या कुठून हे दर वेळी स्पष्ट लिहावं.

आता भाषा. आधुनिक चिनी हवी, कारण निम्मं संशोधन तिच्यात आहे. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पाचवी-सहावी पातळी शिष्यवृत्तीला उपयोगी, पण त्या परीक्षेने जुनी चिनी येत नाही. ती वेगळी शिकावी लागते, आणि तुमचं संस्कृत बरं असेल तर टीका वाचायची सवय तिथे कामी येते. पारंपरिक अक्षरं, म्हणजे चीनने सोपी करण्याआधीची, पहिल्यापासून शिका. पुढे जपानी वाचता आली तर फार बरं. मी तैवान निवडलं ते पारंपरिक अक्षरांमुळे. चीनने सीमा बंद केल्या तेव्हा २०२० पासून जवळजवळ २०२२ संपेपर्यंत आपले कितीतरी विद्यार्थी परत जाऊच शकले नव्हते, तेव्हा दुसरी सोय असलेली बरी. तैवान सरकारची शिष्यवृत्ती फक्त भाषेसाठीही मिळते.

'आपल्याकडे हे कोणी करतं का' असंही तुम्ही विचारलंय. चिनी शिकण्याची परंपरा पुण्यातही होती. पु. वि. बापट यांचा विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या दोन बौद्ध ग्रंथांच्या तुलनेचा ग्रंथ १९३७ साली पुण्यातच निघाला. विमुत्तिमग्गाचं मूळ पाली हरवलंय, तो पूर्ण उरलाय तो चिनी भाषांतरात, म्हणून त्या कामाला चिनी लागली. त्याच वर्षी शांतिनिकेतनात चीना भवन उघडलं. पण त्या पिढीला चिनी हवी होती ती मुख्यतः बौद्ध ग्रंथांसाठी, आणि आजच्या विभागांचा भर भाषा, राजकारण आणि परराष्ट्र धोरणावर. तत्त्वज्ञानाच्या विभागात भारतीय आणि पाश्चात्त्य असे दोन पेपर असले की जग संपलं. भारतात यायचं असेल तर नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा तत्त्वज्ञानात द्या आणि जमलं तर चिनीतही, म्हणजे दोन दारं ठोठावता येतात.

बाहेर सिंगापूर, हाँगकाँग, अमेरिका आणि युरोपात जागा निघतात, पण मोजक्या. त्यात तत्त्वज्ञानवाले विचारतात, 'हे नक्की तत्त्वज्ञान आहे का?' आणि चीनविद्यावाले विचारतात, 'नुसतं तत्त्वज्ञानच का?' मुलाखतीत दोघांनाही तोंड द्यावं लागतं. पीएचडीनंतर बरीच वर्षं करारावर जातात, देश बदलत. माझ्याबरोबर चिनी शिकलेले काही जण कंपन्यांत दुभाषे झाले आणि माझ्याआधी घर घेऊन मोकळे झाले. आईबाबांना हे आधीच सांगून ठेवा.

मला कोणी विचारलंच तर मी नव्या मुलांना ताओवादी धर्माकडे ढकलते. लाओत्झू-च्वांगत्झूवर गर्दी आहे. उलट १४४५ मध्ये छापून पूर्ण झालेल्या ताओवादी ग्रंथसंग्रहात विधी, मंत्र, किमया, ध्यान अशा विषयांचे चौदाशेच्या वर ग्रंथ आहेत आणि त्यांतले कितीतरी नीट वाचलेच गेलेले नाहीत. क्रिस्तोफर स्खिपर हा युरोपीय अभ्यासक त्यासाठी तैवानमध्ये राहिला आणि तिथे दीक्षा घेऊन स्वतः ताओवादी पुरोहित झाला. तुम्ही तेवढं करायची गरज नाही. पण ज्याने लहानपणापासून घरात पूजा, सोवळं आणि पोथ्या पाहिल्यात, त्याला त्या विधिग्रंथांत काय महत्त्वाचं ते चटकन दिसतं, हा माझा अनुभव आहे.

एमए संपेपर्यंत एवढं करा: आधुनिक चिनी सुरू करा, आणि इंटरनेटवरच्या चायनीज टेक्स्ट प्रोजेक्टवर च्वांगत्झूचं पहिलं प्रकरण कोश हाताशी ठेवून रोज दोन ओळी वाचा. मग मार्गदर्शक शोधताना ईमेलमध्ये ताओने तुमचं आयुष्य कसं बदललं ते लिहू नका. कोणता उतारा, त्यावरची कोणती टीका आणि तुमचा आक्षेप काय, एवढं लिहा. माझ्याकडे असं ईमेल आलं की मी त्याच दिवशी उत्तर देते.