कोल्हापुरात आर्केड-मशीन नाही, घरी कॉम्प्युटरवर मेममध्ये (जुन्या आर्केड-मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, MAME) 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' (डीडीआर, तालावर पायाखालचे बाण दाबायचा गेम) चालतो. पण तालावर पाय टाकूनही उशीर दाखवतो. काय करावं? आणि डिस्क जपायची कशी?

मी सुरुवात आवाजापासून करेन. ब्लूटूथ स्पीकर असेल तर आधी तो काढा. त्यात १००-२०० मिलिसेकंद सहज जातात आणि अचूक पावलाची 'परफेक्ट' श्रेणी मिळायला साधारण दोनच फ्रेम, म्हणजे ३३ मिलिसेकंद इकडेतिकडे चालतात. वायरचा स्पीकर लावा, मेममध्ये साउंड 'पोर्टऑडिओ' आणि एपीआय 'वासापी' (विंडोजची आवाजाची यंत्रणा, WASAPI) निवडा, लेटन्सी म्हणजे आवाजाचा उशीर हळूहळू उतरवा. आवाज तुटायला लागला की एक पायरी मागे या. एफ-११ दाबून वेग पाहा. तो १०० टक्क्यांखाली घसरत असेल तर प्रोसेसरच कमी पडतोय, सेटिंग बदलून भागणार नाही. मेमच्या सेटिंगमध्ये 'वेटव्हीसिंक' (स्क्रीनच्या ताजेपणासाठी थांबणं) बंद, 'लोलेटन्सी' चालू. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड लावा.

स्टेपमेनियात (डीडीआरसारखा कॉम्प्युटरवरचा गेम) ऑफसेट, म्हणजे आवाज आणि बाणांमधलं अंतर, बदलून उशीर झाकता येतो, कारण गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं. 'बीटमेनिया'त (बटणं दाबून सूर वाजवायचा डीजे गेम) मात्र तुम्ही बटण दाबल्यावरच तो सूर वाजतो. तिथे उशीर खरोखर कमी करावाच लागतो.

पॅड स्वतः बनवा, फोमचे मऊ पॅड पायाखाली सरकतात. बुडाला १८ मिमी मरीन प्लाय घ्या; साधा प्लाय आपल्या पावसाळ्यात फुगतो, बाण पट्टीत अडकतो आणि दाबलेलाच राहतो. वरच्या पट्ट्या उद्यमनगरात पत्रा कापून, वाकवून मिळतील. पॅडची बटणं कॉम्प्युटरला जोडायला आर्डुइनो लिओनार्डो (छोटं प्रोग्रॅम करता येणारं सर्किट बोर्ड) घ्या, तो यूएसबीवर थेट कीबोर्ड म्हणून ओळखला जातो. जुना उनो (आर३) तसा थेट ओळखला जात नाही. तयार कोडमध्ये बाउन्ससाठी (एका दाबात बटण अनेकदा लागल्यासारखं दिसणं टाळायला) ५० मिलिसेकंदांचा डिले असेल तर तो ५ वर आणा. पुष्कळदा सगळा घोळ तिथेच असतो.

आता डिस्क. तिची नुसती आयएसओ (डिस्कमधल्या डेटाची फाइल-प्रत) काढू नका. सुरुवातीच्या डीडीआरची गाणी सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतात आणि आयएसओत ती येत नाहीत; गेम सुरू होईल, पण गाण्यांविना. बिन-क्यू (ऑडिओ ट्रॅकसह पूर्ण प्रत) काढा, मेमसोबतच्या सीएचडीमॅनने ती सीएचडी (मेमचं दाबलेलं डिस्क-स्वरूप) करा, 'व्हेरिफाय' चालवा आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. बीटमेनियाची जुनी हार्डडिस्क असेल तर ती वारंवार चालवून बघू नका, पहिल्यांदा जोडाल तेव्हाच डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधून डेटा वाचवणारा प्रोग्रॅम) पूर्ण प्रत काढा. सिस्टिम ५७३च्या (जुन्या डीडीआरचं आर्केड हार्डवेअर) बऱ्याच गेमना सिक्युरिटी कॅसेटही (नकलीपासून संरक्षणासाठीची छोटी चिप-पेटी) लागते, म्हणून तिच्यातला डेटाही उतरवून घ्या. तो नसेल तर डिस्क कितीही चांगली असली तरी गेम इन्स्टॉल होत नाही.