वाचक विचारतात : भुकेविरुद्धची पदयात्रा

प्रश्न : 16 ऑक्टोबरच्या जागतिक अन्न दिनाला लागून येणाऱ्या रविवारी आम्हाला गावातून मदतनिधीची पदयात्रा काढायची आहे. सुमारे 300 मुलं, 3 किलोमीटर रस्ता. नुसत्या घोषणा नकोत, मुलांना भूक म्हणजे काय ते कळावं. काय करता येईल? – मुख्याध्यापिका, पालघर जिल्हा

उत्तर : घोषणांना फाटा द्या आणि वाटेत तीन थांबे ठेवा. प्रत्येक थांब्यावर मुलांनी हाताने काहीतरी मोजलं पाहिजे. मोजलेलं लक्षात राहतं.

पहिला थांबा रेशन दुकानाजवळ. अन्नसुरक्षा कायद्यानुसार (2013) प्राधान्य कुटुंबाला (रेशनसाठी पात्र ठरवलेल्या गरजू कुटुंबाला) माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. तीस दिवसांत वाटलं की रोजचे 167 ग्रॅम. एका मुलाला तराजूवर तेवढे तांदूळ मोजून ताटलीत ओतायला सांगा. हे दिवसभराचं, आणि डाळ, तेल, भाजी यात नाही, एवढंच बोलून थांबा.

दुसरा थांबा शाळेच्या स्वयंपाकघरात. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या दुपारच्या जेवणाचा शिधा वेगवेगळ्या वाट्यांत मांडा : 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. आता पहिल्या थांब्यावरच्या ताटलीशी तुलना करायला लावा.

तिसरा थांबा अंगणवाडीत. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या बाळाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला तर ते बाळ तीव्र कुपोषित (सॅम), 11.5 ते 12.5 च्या मधे असेल तर मध्यम कुपोषित (मॅम). कागदाची पट्टी कापून 11.5 सेंटिमीटर घेराची कडी चिकटवा आणि मुलांच्या हातात टेबल टेनिसचा चेंडू द्या. चेंडूचा घेर जवळपास 12.6 असतो. कडी त्याच्यावरून जात नाही. एवढुसा दंड! इथे मात्र कुणाच्याही बाळाला सगळ्यांसमोर मोजू नका. त्या आईला ते आयुष्यभर लागतं.

रांगेचं गणित आधी करा, फसतं ते तिथेच. दोघादोघांच्या रांगेत 300 मुलं म्हणजे जवळजवळ 180 मीटर. लहान मुलं मिनिटाला 50 मीटर चालतात, म्हणजे एक चौक ओलांडायला चार मिनिटं. तेवढा वेळ वाहनं थांबत नाहीत आणि रांग मधेच तुटते. म्हणून 50 मुलांच्या सहा तुकड्या करा, दोन तुकड्यांत 8 मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक थांब्याला 7 मिनिटं दिली की गर्दी साचत नाही. पहिली तुकडी सातला निघाली तर शेवटची नऊच्या सुमारास पोचते. त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन मुलांना सोसत नाही. दर तुकडीला चार मोठी माणसं हवीत : एक पुढे, एक मागे, दोन वाहनांच्या बाजूला.

प्रश्न : भूक कळावी म्हणून मुलांनी उपाशी चालावं, असं काही पालकांचं म्हणणं आहे. – शिक्षक, त्याच जिल्ह्यातून

उत्तर : अजिबात नको. उपाशीपोटी उन्हात चालताना मुलं चक्कर येऊन पडतात. शिवाय तुमच्याच पटावर रोज रिकाम्या पोटी येणारी मुलं असू शकतात. त्यांची भूक हा इतरांचा प्रयोग होऊ नये. निघण्यापूर्वी सगळ्यांना पोहे किंवा केळं द्या. पाणी माणशी अर्धा लिटर, म्हणजे 20 लिटरचे आठ जार. प्रत्यक्षात बारा ठेवा आणि थांब्यांवर वाटून ठेवा.

प्रश्न : पैसे कसे गोळा करावेत? आणि परवानगी? – पालक समिती

उत्तर : किलोमीटरमागे अमुक रुपये, असं कबूल करून घेण्याची पद्धत छान वाटते, पण चालून झाल्यावर वसुलीला शिक्षकांनाच दारोदार फिरावं लागतं. ठरावीक रक्कम आधीच घ्या. पावतीपुस्तकं अनुक्रमांकाची हवीत, आणि क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा, कुणाच्या वैयक्तिक खात्याचा नको. समिती नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची आधी परवानगी घ्यावी लागते; त्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेच्या नावे निधी घेणं सोपं. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला आणि वस्तूंना प्राप्तिकरात सूट नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. मार्गाचा नकाशा जोडून पोलीस ठाण्यात अर्ज द्या. ध्वनिक्षेपक सकाळी सहाच्या आधी नको, आणि दवाखान्यापासून 100 मीटरच्या आत मुळीच नको.

प्रश्न : पैशांऐवजी मूठमूठ धान्य घेतलं तर? – वाचक, नाशिक

उत्तर : भावना मोलाची आहे, पण दहा घरचे तांदूळ एका पोत्यात गेले की जुना-नवा एकत्र होतो, शिजताना अर्धा गळतो, अर्धा कच्चा राहतो. एका घरचे किडे सगळ्या पोत्याला लागतात. म्हणून वर्गवार एकच जिन्नस ठरवून द्या : पाचवीने तूरडाळ, सहावीने गूळ, सातवीने सीलबंद तेल. शेंगदाणे घेणार असाल तर ओलसर, काळपट किंवा खवट दाणे बाजूला काढा. बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही. सुटं पीठ घेऊच नका. आणि आधी जिथे धान्य द्यायचं तिथे विचारा, त्यांच्याकडे काय कमी पडतंय ते.