वाचकांचे प्रश्न : कूलंट कमी होतं, पण गळती सापडत नाही

प्रश्न : माझ्या १४ वर्षं जुन्या पेट्रोल गाडीत दर महिन्याला अर्धा लिटर कूलंट घालावं लागतं. गाडीखाली थेंब दिसत नाही, तापमानाचा काटाही जागेवर असतो. शोध कुठून सुरू करू?

उत्तर : सुरुवात पातळी नीट मोजण्यापासून करा. गाडी सपाट जागी लावून रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि किलोमीटर लिहून ठेवा. कूलंट तापलं की फुगतं, त्यामुळे गरम इंजिनवर घेतलेलं माप फसवं असतं.

तुमच्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण असेल, तर तेही याच वेळी, थंड असतानाच, उघडा. बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र वरपर्यंत भरलेला नाही असं दिसलं, तर इंजिन निवताना रेडिएटरने बाटलीतलं कूलंट परत ओढून घेतलेलं नाही. अशा वेळी आधी झाकणाचं रबर, त्याच्या मधला छोटा व्हॉल्व्ह आणि बाटलीकडे जाणारी बारीक नळी बघा. नळीला चीर असेल तर कूलंटऐवजी हवा आत येते. झाकण स्वस्त असतं, आणि इतक्या जुन्या गाडीत ते बदलायला फार विचार करू नये.

थेंब दिसत नाही, कारण बारीक गळती गरम भागावरच सुकून जाते. मागे उरतो तो पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा खरखरीत थर. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा. रबरी पाइपांची टोकं क्लिपपाशी बघा, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते तो सांधा बघा, थर्मोस्टॅटच्या घराची कड बघा. वॉटर पंपाच्या दांड्याखाली एक छोटं भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट तिथून बाहेर पडतं. पुसटसा डाग चालतो. ओघळ असेल तर पंप बदलायचा. ते भोक बुजवू मात्र कधीच नका, नाहीतर तेच कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं.

यानंतर प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरा. बहुतेक गाड्यांत तो ०.९ ते १.१ बार, म्हणजे साधारण १३ ते १६ पीएसआय असतो. जास्त भरलात तर जुना रेडिएटर तडकेल. मग २० मिनिटं थांबा. काटा उतरला की टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन शोधायला लागा, विशेषतः इंजिनच्या मागच्या बाजूला. तिथले कोअर प्लग (इंजिन ब्लॉकच्या भोकांवर बसवलेल्या धातूच्या टोप्या) आतून गंजतात आणि आरशाशिवाय दिसतच नाहीत. ही टेस्ट सकाळच्या थंड इंजिनवर आधी करा. थंडीत रबर आणि क्लिप आकसतात, त्यामुळे काही सांधे फक्त तेव्हाच गळतात आणि इंजिन तापलं की आपोआप बंद होतात. गॅरेजमध्ये गाडी चालवत नेली की गळती ‘सापडत नाही’, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवा.

बाहेर काहीच नसेल तर केबिनमध्ये बघा. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला आणि चिकट, गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं, असं असेल तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय. एसीचं पाणीही गालिचा भिजवतं, पण त्याला ना वास असतो ना चिकटपणा.

हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय शेवटी घ्या. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच टेस्टरचा काटा झपाट्याने चढला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्ट असते. जळलेला वायू लागला की तो द्रव पिवळा पडतो. एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर तो सिलिंडर कूलंट पितोय. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून लगेच हेड उघडू नका. गाडी रोज थोडीच चालत असेल तर साध्या बाष्पानेही ती जमते.

प्रश्न : गळती बंद करणारं औषध रेडिएटरमध्ये ओतलं तर चालेल का?

उत्तर : वाटेत अडकलात तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक, एरवी नको. त्यातले कण बारीक फट बुजवतात, आणि हीटर कोअरच्या व रेडिएटरच्या नळ्याही बारीकच असतात. तिथे साका बसला की गळतीपेक्षा मोठं काम निघतं.

प्रश्न : गळती सापडेपर्यंत नुसतं पाणी घालत राहिलं तर काय बिघडतं?

उत्तर : बरंच बिघडतं. समजा यंत्रणेत ६ लिटर मिश्रण आहे, निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी. दर वेळी अर्धा लिटर गेलं आणि तेवढंच पाणी घातलं, तर सहाव्या वेळेनंतर कूलंटचं प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे ३० टक्क्यांवर येतं. गंजरोधक द्रव्यंही त्याच प्रमाणात पातळ होतात, आणि मग कोअर प्लग व पंप आतून खायला लागतात. म्हणजे एका गळतीतून दुसरी तयार होते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळून डब्यात तयार ठेवा आणि तेच वापरा. कूलंट निवडताना रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार बघा. न जुळणारे प्रकार एकत्र आले की कधी कधी चिखलासारखा गाळ होतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. कुत्री-मांजरी ते चाटतात, आणि थोड्याशा प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेततं.