सीयूईटीचे पाच पेपर कोणते घ्यावेत?

प्रश्न : मी राज्य मंडळातून बारावी कॉमर्स करते आहे. बुक-कीपिंग, इकॉनॉमिक्स, ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस), मॅथ्स आणि इंग्रजी हे माझे विषय. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स नाहीतर बी.कॉम. ऑनर्सला जायचं आहे. सीयूईटीला (केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेला) पाचच पेपर घेता येतात. मॅथ्स मला जड जातं. ते सोडून बाकीचे घेतले तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मॅथ्स सोडलंस तर इकॉनॉमिक्स ऑनर्स हातचं गेलं असं समज. त्या कोर्सच्या गुणवत्ता यादीत एक भाषा, मॅथ्स किंवा अप्लाइड मॅथ्स, आणि लिस्ट बीमधले (भाषा सोडून बाकी विषयांच्या यादीतले) कोणतेही दोन विषय धरतात. दुसऱ्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले तरी मॅथ्सची जागा रिकामीच राहते. बी.कॉम. ऑनर्सला थोडी सवड आहे. तिथे मॅथ्स किंवा अकाउंटन्सी (म्हणजे तुझं बुक-कीपिंग) यांपैकी एक, एक भाषा आणि लिस्ट बीमधले आणखी दोन विषय चालतात. सोपे विषय आधी ठरवून मग कोर्स शोधणं, या उलट्या क्रमानेच दरवर्षी अनेकांची जागा जाते. हव्या असलेल्या कोर्सची अट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आधी लिहून काढ आणि पेपर त्यावरून ठरव.

तुझ्यासाठी इंग्रजी, मॅथ्स, इकॉनॉमिक्स आणि अकाउंटन्सी हे चार पेपर नक्की. एवढ्यात दोन्ही कोर्स बसतात. प्रश्न पाचव्याचा. बिझनेस स्टडीज घेतलंस (ओसीला सर्वांत जवळचा पेपर तोच, एसपीचा वेगळा पेपर नाही), तर एखादा विषय बिघडल्यावर त्याच्या जागी धरायला हाताशी राहतो. जनरल अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट घेतलीस, तर बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी) आणि बिझनेस इकॉनॉमिक्सही खुले होतात, कारण तिथे भाषा, मॅथ्स आणि जनरल टेस्ट एवढंच बघतात. मॅथ्सचा अभ्यास तू करणारच आहेस, तेव्हा आम्ही जनरल टेस्टच्या बाजूचे. 2025मध्ये खुल्या प्रवर्गाला तीन पेपरांपर्यंत 1000 रुपये आणि पुढच्या प्रत्येकाला 400 रुपये फी होती. त्या हिशोबाने पाच पेपर 1800 रुपयांना पडतात.

आता मॅथ्सची भीती. पेपरात 15 प्रश्न सगळ्यांना सारखे असतात : मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग. हे सगळं तुझ्या कॉमर्सच्या पुस्तकात आहे. उरलेले 35 प्रश्न मॅथ्सचे किंवा अप्लाइड मॅथ्सचे सोडवायचे. मॅथ्सच्या भागात व्हेक्टर आणि थ्रीडी जॉमेट्री येते, ती तू शिकलेलीच नाहीस. म्हणून अप्लाइड घे. टाइम सिरीज आणि अ‍ॅन्युइटी ओळखीची आहे. मॉड्युलो अंकगणित, टी-टेस्ट आणि ईएमआय मात्र नव्याने करावं लागेल.

राज्य मंडळाच्या मुलांचा घात होतो तो इथेच. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांच्या अंगाने जातो, आणि विषयाचं नाव तेच असलं तरी धडे तेच नसतात. बुक-कीपिंगमध्ये तू बिल्स ऑफ एक्स्चेंज घोकतेस. सीयूईटीला त्याचा उपयोग नाही, आणि डिबेंचर्स विचारतात ते तुझ्या पुस्तकात नाहीत. इकॉनॉमिक्समध्ये 1950 ते 1990चं नियोजन, 1991च्या सुधारणा, भारताची चीन आणि पाकिस्तानशी तुलना, असा अख्खा एक भाग तुझ्या बारावीच्या पुस्तकात नाही. दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेव, फरकाचे धडे वेगळे काढ, आणि बोर्डाची परीक्षा संपण्याची वाट न बघता ते दिवाळीच्या सुट्टीतच सुरू कर.

प्रत्येक पेपर 60 मिनिटांचा, प्रश्न 50. 2025पासून सगळे अनिवार्य आहेत. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकीचं असेल तर 1 वजा. चारपैकी एक पर्याय नक्की चूक आहे एवढं कळलं, तरी उरलेल्या तिनांतून अंदाज करण्यात सरासरी एका गुणाचा फायदा आहे. असा प्रश्न कोरा सोडू नकोस.

प्रश्न : मुलाकडे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत. एमएचटी-सीईटीला (राज्याच्या प्रवेश परीक्षेला) पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) द्यावी, पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी), की दोन्ही? दोन्ही दिल्या तर अभ्यास दुप्पट होईल, अशी धास्ती वाटते.
– एक पालक, लातूर

उत्तर : दुप्पट होत नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम एकच आहे. पीसीएममध्ये त्यांचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, प्रत्येकी 1 गुण. मग गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, प्रत्येकी 2 गुण. पीसीबीमध्ये गणिताऐवजी जीवशास्त्राचे 100 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण. भर अकरावीपेक्षा बारावीवर जास्त, साधारण 20 आणि 80 टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

निर्णय कोर्सवर घ्या. इंजिनिअरिंगला पीसीएमच लागते. बी.फार्म.ला दोन्ही गट चालतात. एमबीबीएसला सीईटीचा उपयोग नाही, तिथे नीट. मुलगा नीटची तयारी करत असेल, तर पीसीबी जवळजवळ आयती पडते. मात्र त्याला इंजिनिअरिंगच करायचं असेल, तर दोन्ही गटांचा फॉर्म भरून त्याच्या गणिताच्या सरावाचे दिवस खाऊ नका. दोन्ही गटांचं पर्सेंटाइल वेगळं निघतं, त्यामुळे एका गटातली कसर दुसऱ्यात भरून निघत नाही.

प्रश्न : सीयूईटीत भाषा मराठी घ्यावी की इंग्रजी? आणि बाकीचे पेपर मराठीतून द्यावेत का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : मराठी ही 13 भाषांपैकी एक आहे. कोर्सच्या अटीत 'कोणतीही एक भाषा' असं असेल, तर उतारे भराभर वाचून होतात ती घे. बी.ए. इंग्लिश ऑनर्सला अर्थातच इंग्रजी हवी. दिल्ली विद्यापीठात फिजिक्स ऑनर्ससारख्या विज्ञानाच्या कोर्सना भाषेचे गुण यादीत धरत नाहीत, पण त्या पेपरात किमान 30 टक्के लागतात. तेव्हा तो पेपर अगदी वाऱ्यावर सोडू नकोस.

माध्यमाचं वेगळं आहे. विषयांचे पेपर मराठीतून देता येतात, पण एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत मिळत नाहीत. इंग्रजी पुस्तकातून अभ्यास केलास, तर परीक्षेत मराठी पारिभाषिक शब्दांशी अडखळशील. ज्या भाषेत शेवटचे तीन महिने वाचणार आहेस, तीच फॉर्मवर भर.